बंद करायचं बटण

माझी नात पुण्यात शिकते. मागच्या दिवाळीत ती घरी आली ती खोकी घेऊनच. तिला गेम खेळायला कम्प्युटर हवा होता, आणि तो दुकानातून आयता नको होता, स्वतःच्या हातानं जोडायचा होता. सगळी सुट्टी ती फोनवर मैत्रिणीशी हुज्जत घालत होती. हा बोर्ड त्या प्रोसेसरला चालत नाही, ही पॉवर त्या कार्डाला पुरत नाही, असं काहीबाही. माझा मुलगा आणि सून दर जेवणाला तिला एकच विचारायचे: नुसतं खेळायला एवढा खटाटोप कशाला? अभ्यासासाठी असता तर समजलो असतो. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी ताट बाजूला सारलं आणि मुलाला म्हटलं, हा प्रश्न तुझ्या आज्यासमोर विचारला असतास तर त्यानं तुला घराबाहेर काढलं असतं. मुलाला काही कळलं नाही. नातीला कळायचं होतं, म्हणून तिला सांगितलं, आणि सांगितलंच आहे तर आता लिहूनही ठेवते.

महाराष्ट्र होऊन काही वर्षं झाली होती. आमचं गाव चिखली तालुक्यातलं. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून नाल्याच्या काठाकाठानं चालत यायचं. नाल्याच्या अलीकडे आमची बौद्ध वस्ती आणि पलीकडे गाव. वीज दोन्हीकडे नव्हती, तेवढ्या बाबतीत आम्ही सारखे होतो.

पूर्वी दवंडी द्यायचं काम आमच्या घराकडे होतं. कुणाचं ढोर हरवलं, सारा भरायचा आहे, साहेब येणार आहेत, काहीही असो, माझा बाप डफडं वाजवायचा आणि ओरडून सांगायचा. त्याचा आवाज गाव ओलांडून शेवटच्या मळ्यापर्यंत जायचा. धर्म बदलला तेव्हा वस्तीनं गावकीची सगळी कामं एका बैठकीत सोडली. त्यात दवंडी गेली. बानं डफडं खुंटीवरून काढलं आणि परत घरात आणलं नाही. पुढे पंचायतीला सरकारी रेडिओ मिळाला, तेव्हा चावडीवरचे लोक आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाले की आता बरं झालं, आता कुणाच्या विनवण्या करायला नकोत.

तो रेडिओ चावडीतल्या कपाटात असायचा. केवढं तरी धूड होतं, त्याला मोटारीची बॅटरी लागायची. कपाटाची किल्ली सरपंचाच्या जानव्याला नसली तरी कडदोऱ्याला नक्की असावी, असं आम्ही पोरी म्हणायचो. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागायचा, बातम्या लागायच्या, आणि गाणी सुरू झाली की सरपंच उठून बटण फिरवायचे. कट्ट असा आवाज यायचा. रात्रीच्या शांततेत तो नाल्याच्या अलीकडेही ऐकू यायचा.

एका वर्षी वैशाख पौर्णिमेला सकाळी नागपूरहून बुद्धवंदना लागणार होती. बा आणि वस्तीतली दोघं-तिघं आदल्या दिवशी जाऊन सरपंचांना विचारून आले. सरपंच नाही म्हणाले नाहीत. ते कधीच कुणाला तोंडावर नाही म्हणत नसत, हीच त्यांची मोठी ख्याती होती. सकाळी आम्ही सगळे आंघोळी करून, पांढरं नेसून चावडीसमोर गेलो. आत सतरंजी अंथरलेली होती. आत या असं कुणी म्हटलं नाही आणि येऊ नका असंही कुणी म्हटलं नाही. आम्ही बाहेर लिंबाखाली उभे राहिलो. वंदना सुरू झाली. माझी माय हात जोडून, डोळे मिटून उभी होती. निम्मी झाली असेल नसेल, तोच कट्ट.

मायचे हात जोडलेलेच राहिले. तिला वाटलं स्टेशन गेलं, आता परत येईल. सरपंच ओट्यावर आले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बॅटरी उतरते हो. सांजच्याले शेतीचा कार्यक्रम असते, मंग लोकं मले बोलतीन." एवढं बोलून ते आत गेले आणि कपाटाची किल्ली फिरवली.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. शिवीला उत्तर देता येतं. त्या गोड बोलण्याला काय उत्तर देणार? ज्याच्या आवाजावर सबंध गावानं वर्षं काढली तो माझा बाप मान खाली घालून नाला उतरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. घर आलं तसं मी म्हटलं, "बा, आपन घरीच बनवू."

"काय?"

"रेडिओ."

बा म्हणाला, "ते काय भाकर हाय काय, घरी बनवाले?"

"भाकरीहून सोपं असन," मी म्हटलं. "मले भाकर कुठं गोल येते?"

हे अगदीच हवेत नव्हतं. मी चिखलीला मावशीकडे राहून मॅट्रिक झाले होते. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी आमच्याकडून बिनसेलाचा, कानाला लावून ऐकायचा छोटा रेडिओ करून घेतला होता. त्यात माझाच तेवढा बोलला होता. एका मराठी मासिकात घरी ट्रान्झिस्टर कसा जोडावा याचा लेख आला होता, तो मी फाडून पेटीत जपून ठेवला होता, का ते मलाही माहीत नव्हतं. आता माहीत झालं. पुढच्या वैशाख पौर्णिमेला वंदना आपल्या वस्तीत, आपल्या रेडिओवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची. माझ्या डोक्यात दुसरं काहीही राहिलं नाही.

त्या वर्षी मायनं आणि मी मिळेल त्याच्या शेतात कापूस वेचला. हिवाळा सरता सरता बा आणि मी चिखलीला गेलो.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार मुसलमान होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. बानं काय हवं ते सांगितलं. चाचांनी बाला विचारलं की जोडणार कोण. बानं माझ्याकडे बोट दाखवलं. मग चाचा माझ्याकडे न बघता बाला म्हणाले, "भाई, हे काई खेल नाही."

"खेलच हाय, चाचा," मी म्हटलं. "तुमी सामान काढा."

ते हसले, पण सामान काढलं. मी मासिकाचं पान काउंटरवर पसरलं आणि एकेक वस्तू मागायला लागले. नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आजी, हे तर सेम आहे. सेमच आहे. सुटे भाग सगळे चांगले असून चालत नाही, त्यांचं एकमेकांशी जमावं लागतं. स्टेशन लावायचं बटण फिरवलं की आतल्या पात्या फिरतात, त्याला गँग म्हणतात. त्या गँगच्या मापाचीच तारेची कॉइल हवी, नाहीतर स्टेशनं भलतीकडेच लागतात किंवा लागतच नाहीत. ट्रान्झिस्टर सहा, त्यातले शेवटचे दोन जोडीचे, सारख्या ताकदीचे हवेत, नाहीतर आवाज घोगरा होतो. स्पीकर कोणता घ्यायचा तेही आधीच्या भागांच्या ताकदीवर ठरतं.

स्पीकरचं नाव निघालं तसे बाचे डोळे वर गेले. छताला लग्नातला मोठा कर्णा टांगलेला होता.

"हा लाव," बा म्हणाला.

मी सांगितलं की आपला रेडिओ चार सेलांवर चालणार, कर्णा हलवण्याएवढा जोर त्याच्या अंगात नाही. कर्णा लावला तर तो नुसता गुणगुणेल. बानं विचारलं की मग लहान स्पीकर लावून आवाज कुठवर जाईल. आपल्या अंगणापुरता, मी म्हटलं. त्याचा चेहरा पडला. त्याला तो चावडीपर्यंत पोचवायचा होता. गेले आठ-नऊ महिने त्याच्या मनात तेच होतं, हे मला तिथे काउंटरवर उभी असताना कळलं. मी त्याला समजावलं, चाचांनी समजावलं. शेवटी त्यानं तळहाताएवढा स्पीकर घ्यायला होकार दिला. पण हार मानल्यासारखा दिला, आणि माझा बाप एका दुकानात दोनदा हार मानणारा नव्हता.

राहिलं होतं आवाज लहानमोठा करायचं बटण. चाचांनी एक काढून दाखवलं, आणि चांगलं आहे हे दाखवायला त्यांनी ते उलटं फिरवत नेलं. शेवटी कट्ट वाजलं.

बाचा हात काउंटरवरून मागे आला. "हे काय वाजलं?" त्यानं विचारलं.

चाचा म्हणाले की यातच चालू-बंदची सोय आहे, वेगळं काही घ्यायला नको.

"हे नको," बा म्हणाला. "कट्ट वाजत नाही ते द्या."

तसंही एक बटण मिळायचं, नुसता आवाज कमीजास्त करणारं. ज्याला बंद करायची खटकी वेगळी लावायची तो ते घ्यायचा. चाचांनी ते काढलं आणि खटकी शोधायला खण उघडला. बा म्हणाला खटकीही नको. चाचांना वाटलं म्हाताऱ्याला समजलं नाही. ते सावकाश सांगू लागले की मग रेडिओ बंद कसा करणार.

"कराचाच नाही," बा म्हणाला.

"सेल मरतीन ना भाई."

"मरू द्या. बंद कराची सोय असली का कोनाचा ना कोनाचा हात तिथं जाते."

मी चिडले. फाट्यापर्यंत एसटीत मी बाशी भांडत आले. मी शिकलेली होते, लेख मला पाठ होता, आणि जगात कुठल्या कंपनीनं बंद न होणारा रेडिओ काढला आहे ते मला सांग, असं मी त्याला विचारलं. बा खिडकीबाहेर बघत राहिला. नाल्याच्या वाटेला लागलो तेव्हा तो एवढंच म्हणाला की तुझ्या मायचे हात आठव. मग मी सामानाचं फडकं त्याच्या हातातून घेतलं आणि पुढे चालू लागले. बिनखटकीचा रेडिओ ही निव्वळ चूक होती. यंत्र म्हणून आजही मला ती चूकच वाटते, तरी आज कुणी दुकानात उभं केलं तर मी बाचं ते बिनखटकीचंच बटण मागेन.

बाची पुढची करामत मला नंतर कळली. त्या काळी रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागायचं. रेडिओ तयार झाल्यावर कुणी येऊन लायसन विचारलं तर, म्हणून बा आधीच पोस्टात जाऊन आला. पोस्टमास्तरनं विचारलं, रेडिओ कुठल्या कंपनीचा? बा म्हणाला, घरचा. नंबर काय? बा म्हणाला, आमच्या वस्तीत पयला. पोस्टमास्तरनं कपाळाला हात लावला, पण लायसन दिलं. तेव्हा आमच्या घरात रेडिओ म्हणजे चहाच्या खोक्याची फळी आणि फडक्यात बांधलेले भाग एवढाच होता.

जोडणी मी चुलीपाशी केली. कथील वितळवून डाग द्यायची, म्हणजे तारा सांधायची, सळई विजेवर तापवतात, आमच्याकडे वीज नव्हती. कल्हईवाल्याकडे असते तशी तांब्याच्या टोकाची सळई मी आणली होती. ती निखाऱ्यात खुपसायची, लाल व्हायच्या आत काढायची, डाग द्यायचा, परत खुपसायची. मधल्या वेळात भाकरी परतायची. ट्रान्झिस्टर फार नाजूक, त्याच्या पायाला आच जास्त लागली की तो मेला. पहिला मी असाच मारला आणि चुलीपुढे बसून रडले. मायनं कमरेच्या पिशवीतून पायातला काटा काढायचा चिमटा काढला आणि म्हणाली की पाय मी धरते, आच चिमट्यात जाईल. चिमट्यानं धरायचं हे लेखातही होतं. मी ते वाचून सोडून दिलं होतं, कारण लेखात विलायती चिमट्याचं चित्र होतं. मेलेल्याच्या जागी चिखलीहून दुसरा मागवला, आणि त्यानंतर एकही मेला नाही. माय चिमटा धरून बसायची आणि तोंडानं वंदनेचे शब्द पुटपुटायची. तिला निम्मेच पाठ होते.

होळीनंतर सगळं जोडून झालं. अंगणातल्या लिंबापासून घरावरच्या बांबूपर्यंत तांब्याची तार ताणली. दुसरी तार जमिनीत पुरली. सेल घातले तसा स्पीकरमधून खरखर आवाज आला आणि वस्तीतली पोरं ओरडत धावली. पण खरखरच आली. बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, परत फिरवलं. कुठलं तरी अनोळखी भाषेतलं स्टेशन पुसट लागायचं, नागपूर नाही. वस्तीतले लोक दोन दिवस येऊन बसले आणि मग कामाला लागले. गावात बातमी पोचलीच होती. पाण्याला जाताना कुणीतरी मला विचारलं की तुमचा रेडिओ कोणत्या देशाचा आहे. मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, तुमच्या देशाचा नाही एवढं खरं.

घरी येऊन मी सगळे डाग तपासले. डाग बरोबर होते. मग एका दुपारी बटण अगदी शेवटाला नेऊन धरलं असताना खरखरीच्या मागे नागपूरच्या निवेदिकेचा आवाज आल्यासारखा वाटला, आणि मला उलगडलं. नागपूर होतं, पण माझं बटण जिथे संपत होतं त्याच्या जरा पुढे होतं. म्हणजे गँग एका मापाची होती आणि कॉइल दुसऱ्याच मापाची.

दुसऱ्या दिवशी एकटीच चिखलीला गेले. चाचा म्हणाले गँग सगळ्या सारख्याच असतात, जोडणीत चूक असेल, पोरीबाळींच्या हातून होतंच. मी म्हटलं की जोडणी उलगडून बघा आणि चूक निघाली तर मी परत तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. त्यांनी बघायची टाळाटाळ केली. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी पायरीवर बसले. उन्हाचा तडाखा होता, बाजार उठला, तरी मी बसूनच होते. शेवटी ते वैतागून उठले आणि खण उपसून त्या गँगच्या मापाची कॉइल काढली. कॉइल हातात देताना म्हणाले, "बाप तसा, बेटी तशी." त्यांनी ते कौतुकानं म्हटलं की कंटाळून, मला फरक पडत नव्हता.

नवी कॉइल लावली आणि त्याच संध्याकाळी नागपूर लागलं, अगदी मधोमध. माय चिमटा हातात घेऊनच बसली होती. बाजारभाव चालले होते. सरकीचा भाव ऐकून माझी माय रडली, असं मी नातीला सांगितलं तेव्हा ती खूप हसली.

पौर्णिमेपर्यंत रोज थोडा वेळ लावायचा आणि बंद करायला मागची फळी उघडून एक सेल काढून ठेवायचा, असं चालवलं. सकाळच्या उन्हात स्टेशन क्षीण व्हायचं. वैशाखात काळी माती भेगाळते, तशी ती पुरलेली तार कोरडी पडायची आणि आवाज आणखी खाली जायचा. म्हणून तार उपटून न्हाणीच्या सांडपाण्यात पुरली. पौर्णिमेच्या पहाटे वस्तीत घरटी एकेकानं तिथे आपापली बादली ओतली, गरज नव्हती तरी.

सकाळी अंगण भरलं. आम्ही ताडपत्री अंथरली होती. रेडिओ मधे पाटावर होता, चहाच्या खोक्याचा, एका बाजूला वाकडा. आवाज अंगणापुरताच होता, म्हणून लोकांना अगदी जवळजवळ बसावं लागलं आणि तान्ह्या पोरांनाही गप्प करावं लागलं. वंदना सुरू झाली. गेल्या वर्षी जिथे तुटली होती ती जागा जवळ आली. माय डोळे उघडे ठेवून रेडिओकडे बघत होती. ती जागा आली आणि गेली. पुढचे शब्द मायला पाठ नव्हते, ते ती पहिल्यांदा ऐकत होती.

वंदना संपते न संपते तोच पलीकडून कोतवाल आला आणि ताडपत्रीच्या कडेला उभा राहिला. चावडीवर तालुक्याहून साहेब पाहणीला आले होते. साहेबांनी विचारलं होतं की सरकारी रेडिओ चालतो का, आणि सरकारी रेडिओची बॅटरी तर आठवडाभर आधीच बसली होती. सरपंचांचा निरोप होता की आता बातम्या लागतील, तुमचा रेडिओ जरा चावडीवर आणून द्या.

सगळे बाच्या तोंडाकडे बघायला लागले. मला भीती वाटली, खरंच वाटली. साहेबाचं नाव काढलं की आमच्याकडची मोठी माणसं उभी राहायची. बा उभा राहिला नाही.

"रेडिओ येत नाही," तो म्हणाला. "ऐकाचं असन तं इथं या. साहेबालेबी आना, सरपंचालेबी आना. बसाले जागा हाय."

कोतवाल घुटमळला. तो बिचारा निरोप्याच. मग म्हणाला की निदान बातम्या काय लागल्या ते तरी येऊन सांगा, तुमचा आवाज तर चावडीपर्यंत जातोच.

"दवंडी आमी सोडली," बा म्हणाला. "आता तो बोलते अन् आमी ऐकतो. ज्याले ऐकाचं त्याले बसा लागन."

कोतवाल गेला. बातम्या लागल्या. आम्ही त्या जागा राखून ऐकल्या. ताडपत्रीची एक बाजू बानं मुद्दाम मोकळी करायला लावली होती. कुणी आलं नाही. नाल्यापलीकडे थोड्या वेळानं जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि धुरळा उडत फाट्याकडे गेला.

सकाळचं प्रसारण संपलं, निवेदिकेनं नमस्कार केला आणि नुसती खरखर उरली. मी सवयीनं मागची फळी उघडायला हात पुढे केला. बानं माझं मनगट धरलं.

"राहू दे," तो म्हणाला. "बोलावनं धाडलं हाय. त्यायनं यावं अन् हा मुका असावा, असं नको."

तो रेडिओ त्या दिवशी बंद झाला नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. स्टेशन असलं की बोलायचा, गाणी लागली की गायचा, नसलं की खरखरत राहायचा. झोपताना खरखर, उठताना खरखर. माय म्हणायची घरात पाऊस पडून राह्यला. ताडपत्री बानं उचलू दिली नाही. चावडीवरून कुणी आलं नाही. गावातल्या बाया मात्र पाण्याला जाता-येता आमच्या कुंपणाशी थांबायला लागल्या, विशेष करून गाण्यांच्या वेळी. पायात काटा मोडला म्हणायच्या आणि डोक्यावर पाण्यानं भरलेली गुंडी तशीच ठेवून, एका पायावर उभ्या राहून सबंध गाणं ऐकायच्या. माय त्यांना चिमटा आणून द्यायची. त्या घ्यायच्या, आणि गाणं संपलं की परत करायच्या. त्यातली एक सरपंचांची सून होती.

मग हळूहळू सेल उतरत गेले. आवाज बारीक झाला, तो पाटाभोवती बसलेल्यांपुरता राहिला, मग कान लावणाऱ्यापुरता. एका सकाळी बा पाटाशी कान लावून बसला होता. मी विचारलं, काय लागलं आहे? त्यानं हातानं मला थांब म्हटलं. मग तो उठला, खोक्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मला म्हणाला, "आपल्या जिवानं थांबला. कोनं थांबवला नाही."